शब्दकोश

शब्दकोश म्हणजे एखाद्या भाषेतले शब्द ठराविक क्रमाने लावून त्यांचा अर्थ, उच्चार, व्याकरण, उगम आणि वापर यांची केलेली नोंद. बोलताना आपण सरळ डिक्शनरी म्हणतो. जो शब्द वर ठळक अक्षरात असतो तो शीर्षशब्द, त्याच्यासकट खालचा सगळा मजकूर मिळून ती नोंद, आणि हे काम करणारा तो कोशकार. विश्वकोश वस्तूबद्दल सांगतो आणि शब्दकोश शब्दाबद्दल, म्हणजे हत्ती किती वर्षं जगतो हे विश्वकोशात बघायचं आणि 'हत्ती' हा शब्द कुठल्या लिंगाचा, आला कुठून, त्याच्यावरून म्हणी कुठल्या, हे शब्दकोशात.

वादात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'हा शब्द डिक्शनरीतच नाही, म्हणजे असा शब्दच नाही'. हे साफ चूक आहे. कोशकार शब्दांना परवानगी देत नाही, लोकांनी आधीच वापरलेल्या शब्दांचा पुरावा गोळा करतो. शब्द आधी बोलला जातो, मग कुठेतरी लिहिला जातो, मग कोणाच्या तरी नजरेला पडतो आणि मग कधीतरी कोशात येतो, यात कितीतरी वर्षं सहज जातात. म्हणून कुठलाही कोश उघडताना विचारायचा प्रश्न हा की यातला पुरावा कोणी गोळा केला आणि कोणाच्या तोंडचा किंवा कोणाच्या लिखाणातला गोळा केला.

जुने कोश सगळ्या शब्दांचे नव्हतेच, अडणाऱ्या शब्दांचे होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या सुमेरी आणि अक्कादी या दोन भाषांतल्या शब्दांच्या याद्या चार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, सुमेरी बोलण्यातून जात होती पण लिहिण्यात हवी होती, मग यादी लागणारच. आपल्याकडे वैदिक शब्द कळेनासे झाले तेव्हा निघंटू, म्हणजे अशा शब्दांची यादी, झाला आणि त्यावर यास्काने निरुक्त हे स्पष्टीकरण लिहिलं. अमरकोश तर पद्यात आहे, पाठ करायला, त्यात शब्द अकारविल्हे नाहीतच, विषयवार आहेत, आणि त्याचं मूळ नाव नामलिंगानुशासन, म्हणजे नामं आणि त्यांची लिंगं शिकवणारा ग्रंथ. इंग्रजीत १६०४ मधे रॉबर्ट कॉड्रीने काढलेला कोशही साधारण अडीच हजार अवघड शब्दांचाच होता. या सगळ्यात मला हेमचंद्राची देशीनाममाला फार मोलाची वाटते. बाराव्या शतकातला हा जैन पंडित, संस्कृत कोळून प्यालेला, आणि तरी त्याने प्राकृतातले असे शब्द मुद्दाम जमवले जे संस्कृतातून सिद्ध करता येत नाहीत. पंडितांच्या दृष्टीने ज्यांना घराणं नाही अशा शब्दांना त्याने स्वतंत्र ग्रंथ दिला.

क्रम लावणं हा दिसायला सोपा भाग, पण तिथेच भाषेची बरीच गुपितं कळतात. अरबी कोशकार खलील इब्न अहमद याने आठव्या शतकात घशातून निघणाऱ्या आवाजांपासून सुरुवात करून ओठांपर्यंत क्रम लावला. चिनी लिपीत अक्षरमालाच नाही, तर शू शेनने इ.स. १०० च्या सुमाराला ९,३५३ चिन्हं घेतली आणि त्यांचे ५४० गट पाडले, ती गटांची युक्ती सुधारून चिनी कोश आजही वापरतात. देवनागरीत तरी सगळं सरळ असेल असं वाटतं, पण नाही, अनुस्वाराचे शब्द आधी घ्यायचे की तो अनुस्वार पुढच्या वर्गाचं अनुनासिक धरून तिथे लावायचा, क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवायचे की क आणि ज च्या पोटात, यावर कोशाकोशात फरक आहे, आणि शब्द सापडत नाही म्हणून लोक कोश बंद करतात त्यातले अनेक शब्द नुसते दुसरीकडे बसलेले असतात.

त्याहून मोठी अडचण म्हणजे शीर्षशब्दासाठी शब्दाचं कुठलं रूप घ्यायचं. मराठीत गेलो, जातोय, जाशील, जाऊन हे सगळं 'जाणे' खाली. म्हणजे मराठी नवीन शिकणाऱ्याने 'गेला' ऐकलं तर त्याला आधीच माहीत हवं की ते 'जाणे'त शोधायचं. संस्कृत कोशात ते धातूखाली, लॅटिनमधे प्रथमपुरुषी एकवचनी रूपाखाली, आणि अरबीत बऱ्याच कोशांमधे तीन व्यंजनांच्या मुळाखाली, त्यामुळे किताब, कातिब, मकतब हे तिन्ही शब्द एकाच ठिकाणी भेटतात. शिवाय एकसारखे दिसणारे शब्द. नामन् वरून आलेलं 'नाव' आणि नौ वरून आलेली 'नाव', यांना एक नोंद की दोन? उगम वेगळा असेल तर दोन, असा बहुतेकांचा नियम आहे, पण उगमच नक्की नसेल तर कोशकाराला स्वतःच्या अंदाजावर उभं राहावं लागतं.

आता पुरावा. हाच या कामाचा गाभा, आणि कॉम्प्युटर येण्याआधी तो कागदाच्या स्लिपांवर जमायचा. एका स्लिपेवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचं नाव, साल, पान. हजारो लोकांनी पुस्तकं वाचून अशा स्लिपा भरायच्या, त्या क्रमाने लावायच्या, आणि मग एका शब्दाच्या सगळ्या स्लिपा टेबलावर पसरून अर्थांचे गठ्ठे पाडायचे. अर्थ आधी ठरवून मग उदाहरण शोधायचं नाही, उदाहरणांमधून अर्थ वर यायला हवा, ही शिस्त. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी अशीच झाली. १८५७ मधे कल्पना निघाली, १८७९ मधे जेम्स मरे संपादक झाले, दहा वर्षांत होईल असं ठरलं होतं, आणि १८८४ मधे जो पहिला भाग निघाला तो 'अँट' या शब्दापर्यंतच पोचला होता. काम पूर्ण झालं १९२८ मधे, मरे १९१५ मधेच गेले. ४,१४,८२५ शीर्षशब्द आणि अठरा लाखांच्या वर अवतरणं. वाचून स्लिपा पाठवणाऱ्यांमधे डब्ल्यू. सी. मायनर नावाचे एक अमेरिकन आर्मी सर्जन होते, मानसिक आजारात त्यांच्या हातून खून झाला होता आणि ते इंग्लंडमधल्या ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात होते, तिथल्या खोलीतून त्यांनी हजारो अवतरणं पाठवली. त्यांची पद्धत पण बघण्यासारखी, दिसेल ते पाठवण्यापेक्षा ते प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची सूची करून ठेवायचे आणि ऑफिसला सध्या कुठला शब्द लागतोय हे विचारून तेवढंच पाठवायचे.

अशा वाचनात एक खोट असते आणि ती मरेंनीच सांगून ठेवली आहे. माणसाच्या नजरेला विचित्र शब्द दिसतो, रोजचा दिसत नाही. 'अब्यूज' या नेहमीच्या शब्दाच्या स्लिपा पाचसुद्धा नव्हत्या आणि 'अब्यूजन' या दुर्मिळ शब्दाच्या पन्नासेक. म्हणजे ज्या शब्दाला सगळ्यात जास्त अर्थ असतात त्याचाच पुरावा सगळ्यात कमी, आणि तो संपादकांनी परत बसून शोधायचा. स्लिपा हरवायच्या ते वेगळंच, 'बॉन्डमेड' या शब्दाच्या स्लिपा गहाळ झाल्या आणि तो भाग छापून गेल्यावर मिळाल्या, शब्द शेवटी १९३३ च्या पुरवणीत आला. उलटंही होतं. १९३४ च्या वेब्स्टर या अमेरिकन इंग्रजी कोशात 'डॉर्ड' (dord) असा शब्द छापला गेला, अर्थ घनता. असा शब्द नव्हताच, कॅपिटल डी किंवा छोटा डी (D or d) हे घनतेचं चिन्ह आहे असं सांगणारी स्लिप संक्षेपांच्या ढिगातून शब्दांच्या ढिगात गेली होती. १९३९ मधे एका संपादकाला ते दिसलं, कारण त्या नोंदीत व्युत्पत्तीच नव्हती.

असंच ऐतिहासिक काम संस्कृतचं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात चालू आहे. सु. मं. कत्रे यांनी ते १९४८ मधे सुरू केलं, ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे १,५०० ग्रंथांतून जवळपास एक कोटी स्लिपा झाल्या आणि पहिला खंड १९७६ मधे निघाला. लोक विचारतात एवढा वेळ का. कारण प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ पहिल्यांदा कुठे आला, पुढे कसा वळला हे दाखवायचं तर मधली एकही पायरी गाळता येत नाही. जर्मन भाषेचा ग्रिम बंधूंनी सुरू केलेला कोश १८५४ ते १९६१ असा निघत राहिला, एकामागून एक संपादकांच्या पिढ्या गेल्या.

अर्थ लिहिणं वेगळी कला आहे. शब्दाचा मोठा वर्ग सांगायचा आणि मग त्या वर्गात तो वेगळा कसा ते सांगायचं, ही नेहमीची रीत. पण 'आनंद म्हणजे हर्ष' आणि 'हर्ष म्हणजे आनंद' असं गोल फिरणं छोट्या कोशांत फार चालतं आणि वाचणाऱ्याला हाती काहीच लागत नाही. यावर उपाय म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या १९७८ च्या लाँगमन कोशाने साधारण दोन हजार सोप्या शब्दांचा साठा ठरवला आणि व्याख्या त्याच शब्दांत लिहिल्या. सगळ्यात अवघड जातात ते छोटे शब्द. 'येशील ना', 'मीच केलं', 'जातो की', यातल्या ना, च, की चा अर्थ सांगता येत नाही, ते वाक्यात काय काम करतात तेवढंच सांगता येतं, आणि चांगल्या कोशाची परीक्षा घ्यायची तर मी असेच शब्द काढून बघायला सांगेन.

कोशाने भाषा सांभाळायची की नुसती नोंदवायची, हा वाद जुना. फ्रेंच अकादमीचा कोश पहिल्यांदा १६९४ मधे आला तो भाषेचा दर्जा ठरवण्यासाठीच. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ चा कोश हातात घेतला तेव्हा त्यालाही इंग्रजी एका जागी स्थिर करायची होती, पण काम संपता संपता त्यानेच प्रस्तावनेत लिहून टाकलं की जिवंत भाषेला असं थांबवता येत नाही. तरी १९६१ च्या वेब्स्टरच्या तिसऱ्या आवृत्तीने 'एंट' (ain't, म्हणजे isn't चं बोलण्यातलं रूप) सारखे शब्द फार दटावणी न करता नोंदवले तेव्हा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी मोठा गदारोळ केला. माझं मत नोंदवण्याच्या बाजूचं आहे, फक्त नोंद पूर्ण हवी, म्हणजे शब्द आहे, आणि तो औपचारिक लिखाणात लोक टाळतात, या दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. काढून टाकण्यासाठी केलेला कोशसुद्धा शेवटी नोंदच होतो. शिवाजी महाराजांच्या काळात झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि आज तोच ग्रंथ त्या काळी कुठले फारसी शब्द रुळलेले होते याचा उत्तम पुरावा आहे.

मराठीत जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मधे आला, थॉमस आणि जॉर्ज कँडी या भावांची मदत होती, १८५७ मधे वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली आणि ती आजही लोक रोज उघडतात, आता ऑनलाइन. छापील मराठी पुस्तकं तेव्हा मोजकीच, त्यामुळे बरेच शब्द माणसांकडून ऐकून जमवलेले, आणि म्हणूनच त्यात बोलीतलं, धंद्यातलं, शेतीतलं इतकं काही सापडतं. पण मदतीला होते ते मुख्यतः ब्राह्मण शास्त्री, त्यामुळे निवडीवर आणि शेऱ्यांवर त्यांची नजर आहे. पुढे य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि सहकाऱ्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मधे सात विभागांत झाला. जुन्या कोशांत 'ग्राम्य' असा शेरा दिसतो तो मला खटकतो. शब्द कुठल्या भागात, कोण वापरतं हे सांगितलं तर माहिती मिळते, ग्राम्य म्हटलं की फक्त कोशकार कुठे बसला होता ते कळतं.

आता स्लिपांची जागा कॉर्पसने घेतली आहे, म्हणजे कॉम्प्युटरमधे भरलेला प्रचंड मजकूर. १९६० च्या दशकात ब्राउन युनिव्हर्सिटीचा दहा लाख शब्दांचा कॉर्पस मोठा वाटायचा, आज शेकडो कोटींचे आहेत. १९८७ चा कोबिल्ड हा इंग्रजी कोश बर्मिंगहॅममधे असाच कॉर्पसवरून केला गेला आणि त्यात अर्थ पूर्ण वाक्यात दिले. एक शब्द टाकला की त्याची सगळी वाक्यं एकाखाली एक येतात, शब्द मधे आणि दोन्ही बाजूला त्याची सोबत, मग लगेच दिसतं की डोकं फिरतं, चालतं, खाल्लं जातं आणि लढवलंही जातं. मरेंची अडचण यात सुटली, रोजचा शब्द आता निसटत नाही. पण कुठल्याही कॉर्पसमधे जवळपास निम्मे वेगवेगळे शब्द एकेकदाच येतात, त्यामुळे विरळ शब्दासाठी माणसाचं वाचन अजून लागतंच. आणि जे लिहिलंच जात नाही ते कॉर्पसमधे येणार कसं? त्यासाठी गावोगाव जावं लागतं. अमेरिकेच्या प्रादेशिक इंग्रजीच्या कोशासाठी १९६५ ते १९७० मधे हजारभर ठिकाणी जाऊन लोकांना प्रश्न विचारले, आणि नोंदींचे छापील खंड १९८५ पासून २०१२ पर्यंत निघत राहिले. खुणांच्या भाषेला तर रुळलेली लिपीच नाही, तिथे विल्यम स्टोकी आणि सहकाऱ्यांनी १९६५ च्या अमेरिकन साइन लँग्वेजच्या कोशात हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांवरून नोंदी लावल्या, आता तेच काम व्हिडिओने होतं.

ऑनलाइन आल्यावर जागेची मर्यादा गेली आणि आवृत्ती ही कल्पनाच ढिली पडली. छापील छोट्या कोशातून जुना शब्द काढून नव्याला जागा करावी लागते, ऑक्सफर्डसारखा मोठा कोश मात्र एकदा घेतलेला शब्द काढत नाही, वापरातून गेलाय असा शेरा मारतो. त्याची तिसरी आवृत्ती २००० पासून ऑनलाइन थोडी थोडी सुधारली जातेय, आणि सुरुवात ए पासून केली नाही, एम पासून केली, कारण मरेंच्या काळातल्या पहिल्या अक्षरांच्या नोंदी पद्धत बसायच्या आधीच्या होत्या आणि त्यांना सगळ्यात जास्त काम लागणार होतं.