कॉलरची दोन बटणं कुठून आली?

खाकी पँट, निळा ब्लेझर, टोकांना बटणं असलेल्या कॉलरचा शर्ट, पायात बिनालेसचे लोफर बूट. हा वेश आज जगातल्या कुठल्याही ऑफिसात खपून जातो. शंभर वर्षांपूर्वी मात्र तो अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मोजक्या कॉलेजांची खूण होता. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन ही त्यातली बडी नावं. या कॉलेजांना चिकटलेलं 'आयव्ही लीग' हे नाव मुळात मैदानावरचं. आठ विद्यापीठांचा हा क्रीडागट रीतसर ठरला तो १९५४ साली.

कपड्यांचा उगमही बराचसा मैदानावरच आहे. हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५ साली शर्टावर 'एच' हे अक्षर लावलं आणि पुढे अक्षराचा स्वेटर देशभरच्या कॉलेजांत मानाचा ठरला. इंग्लंडमधले पोलो खेळाडू कॉलर वाऱ्याने तोंडावर उडू नये म्हणून ती बटणांनी अडकवत. न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्सचे जॉन ब्रूक्स यांनी ते पाहिलं आणि १८९६च्या सुमारास तसा शर्ट दुकानात आणला. प्रिन्स्टनची तऱ्हा आणखी मजेदार. बिअरच्या फेसाने चांगले कपडे खराब होऊ नयेत म्हणून १९१२च्या सुमारास शेवटच्या वर्षाची मुलं स्वस्त, पांढरे डेनिमचे कपडे चढवू लागली. थोड्याच वर्षांत त्याचीच प्रथा झाली आणि खालच्या वर्गांना त्यातलं जाकीट घालायची मुभा उरली नाही.

या मुलांत नवंकोरं दिसणं कमीपणाचं मानलं जाई. विरलेली कॉलर आणि कोपरावर चामड्याचं ठिगळ असलेला कोट मिरवायचा. अर्थात, असं मिरवणं घरात पिढीजात पैसा असलेल्यालाच शोभतं. गरिबाच्या कोपरावरचं ठिगळ हे ठिगळच असतं!

पण हा वेश शिवणारे आणि पुढे नेणारे बरेचसे लोक या वर्तुळाबाहेरचे होते. येलच्या दाराशी १९०२ साली दुकान थाटणारे जेकबी प्रेस हे लॅटव्हियातून आलेले ज्यू. वीस वर्षांनी हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवर रोखायचा प्रस्ताव मांडत होते, तेव्हा या कॉलेजांच्या पोरांची मापं ज्यू शिंपी घेत होते.

मोठी उलथापालथ केली ती दुसऱ्या महायुद्धाने. १९४४च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि १९४७ साली कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांत जवळपास निम्मे माजी सैनिक होते. लष्करातली खाकी पँट ते वर्गातही घालत राहिले. ती सुती, टिकाऊ आणि मुख्य म्हणजे घरात आधीच असलेली!

आपल्याकडचा धागाही यात आहे, अगदी शब्दशः. येलला ज्याचं नाव आहे तो एलिहू येल मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. १७१८ साली त्याने पाठवलेले मालाचे नऊ गठ्ठे विकून कॉलेजला ५६२ पौंड मिळाले आणि त्या मालात कापडही होतं. पुढे १९५०च्या दशकात मद्रासच्या चौकटीच्या सुती कापडाने अमेरिकन कॅम्पस गाजवले. पहिल्या धुण्यात त्याचा रंग जाई. विक्रेत्यांनी शक्कल लढवली आणि 'रंग जाण्याची हमी' अशीच जाहिरात केली. आपल्याकडे असं कापड दुकानदाराच्या तोंडावर फेकलं असतं.

त्याच दशकात माइल्स डेव्हिससारखा कृष्णवर्णीय जॅझवादक हार्वर्डजवळच्या अँडोव्हर शॉपचे कपडे घालून मंचावर उभा राहिला आणि या वेशाला असा रुबाब आला, जो श्रीमंतांच्या पोरांना कधी जमला नव्हता.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात विद्यार्थ्यांनीच हा वेश टाकला, जीन्स चढवली. नेमक्या त्याच सुमारास, १९६७ साली, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातल्या, कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या राल्फ लॉरेन यांनी 'पोलो' नावाने टाय विकायला सुरुवात केली. पुढे त्यांनी सगळ्या जगाला विकला तो हाच वेश.

जपानमध्ये केन्सुके इशिझू यांच्या 'व्हॅन' या कपड्यांच्या कंपनीने तो आणखी आधीच नेला होता. १९६४ साली, ऑलिंपिकच्या तोंडावर, टोकियोच्या गिंझा भागात हा वेश करून रेंगाळणाऱ्या पोरांची पोलिसांनी धरपकड केली. पण अमेरिकेत विस्मरणात चाललेली शिवण तिथे इंचाइंचाने जपली गेली. १९८६ साली येलच्या दारातलं जेकबी प्रेस यांचं दुकान, म्हणजे जे. प्रेस, ओनवर्ड काशियामा या जपानी कंपनीने विकतच घेतलं.