मारवेल: गुरांना आवडलं म्हणून मागे हटलेलं गवत

मारवेल ओळखायचं तर पानाकडे पाहू नये, पेराकडे पाहावं. काडीच्या प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या मऊ लवीचं कडं असतं, मनगटात बांगडी भरल्यासारखं. ‘डायकॅन्थियम ॲन्युलेटम’ या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द या कड्याचाच, कारण लॅटिनमध्ये ‘ॲन्युलस’ म्हणजे अंगठी. पावसाळा सरताना जांभळट तुरे येतात. त्यातलं एखादं वाळलेलं कुसळ ओल्या बोटावर ठेवलं, तर ते हळूहळू पीळ सोडत फिरायला लागतं.

हे आपल्या माळांचं मूळचं, वर्षानुवर्षं टिकणारं गवत आहे. गवतांचे अभ्यासक दबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 मध्ये भारतातल्या गवताळ रानांचे पाच प्रकार सांगितले. त्यात द्वीपकल्पाच्या मोठ्या पट्ट्याला नावच दिलं ‘सेहिमा-डायकॅन्थियम’, म्हणजे आपलं पवना गवत आणि मारवेलीचं कुळ. मग आज बहुतेक गायरानांत कुसळी, म्हणजे टोचऱ्या कुसळांचं दुसरं गवतच, का दिसते?

कारण मारवेल गुरांना फार आवडतं. काडी बारीक, पाला भरपूर, त्यामुळे जनावर आधी त्यालाच तोंड घालतं. पुन्हा फुटलं की पुन्हा खातं. फुटव्यासाठी बुडात आणि मुळांत जमवलेलं अन्न असं वारंवार खर्च होतं आणि ठोंब खंगत जातो. कुसळी कोवळी असेपर्यंत चालते, पण कुसळं धरली की तोंडाला टोचते, म्हणून जनावर तिला सोडून देतं. ती बी टाकते, पसरते. अशा उजाड माळाला ‘पडीक’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. जमीन पडीक नसते हो, तिला उसंत मिळालेली नसते.

मारवेलीची आणखी एक खुबी आहे. तिच्या बहुतेक झाडांत बी तयार होतं ते बीजांडाचं फलन न होताच. म्हणजे मुलगी हुबेहूब आईसारखी. त्यामुळे एखाद्या बांधावर जोमदार ठोंब सापडला, तर त्याचे गुण पुढच्या पिढीतही बऱ्याच अंशी तसेच उतरतात. पण बी हलकं, लवदार, वाऱ्यावर उडणारं; पुष्कळ दाणे पोकळ निघतात आणि ताजं बी नीट उगवतही नाही. म्हणून लागवड ठोंबांचीच करावी.

जूनमध्ये चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की जुना ठोंब मुळांसकट उपटावा. वरचा पाला वीतभर ठेवून छाटावा आणि ठोंब फोडून दोन-तीन काड्यांचे, मुळं असलेले तुकडे करावेत. दीड फुटावर ओळी आणि ओळीत फूटभर अंतर ठेवून ते लावावेत. लावल्यावर पायाने माती घट्ट दाबावी, मुळांपाशी पोकळी राहिली तर ठोंब वाळतो. काळी किंवा मध्यम जमीन उत्तम, बांधही चालतो. रानातला चांगला ठोंब मिळाला नाही, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले गोवर्धन’ हा वाण आहे.

पहिल्या वर्षी खुरपणी चुकवू नये आणि गुरं अजिबात सोडू नयेत. कोवळी पालवी दिसली की मोह होतो, पण मुळं अजून रुजलेली नसतात. गाय ओढते तेव्हा घासासोबत अख्खा ठोंबच वर येतो. त्यापेक्षा कापून दावणीला घालावं. निम्मे तुरे बाहेर पडले की कापणीची वेळ झाली. त्यानंतर काडी राठ होते आणि प्रथिनं झपाट्याने घटतात. विळा मात्र अगदी जमिनीलगत फिरवू नये. अर्धी वीत बुडखा राखावा, नवे फुटवे येणारे डोळे तिथे खालच्या पेरांवरच असतात.