पाटी ‘डी’ची, जागा पार्टिशनची

“मामा, इथं डी दिसतच नाहीये. कुठलं उडवू?”

भाचा विंडोज १० नव्यानं टाकायला बसला होता. फोनवर म्हटलं, आधी माउसवरचा हात काढ आणि समोर काय लिहिलंय ते वाचून दाखव. त्यानं वाचलं: ‘ड्राइव्ह ० पार्टिशन १: सिस्टिम रिझर्व्ड’, १०० एमबी. ‘ड्राइव्ह ० पार्टिशन २’, १५० जीबी. ‘ड्राइव्ह ० पार्टिशन ३’, ३१५.७ जीबी. सी नाही, डी नाही. आणि घरातले दहा वर्षांचे फोटो ‘डी’मध्ये.

आपण दिवसभर ‘डी ड्राइव्ह’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावानं हाक मारत असतो. एक म्हणजे डिस्कवर आखलेली जागा, पार्टिशन. दुसरी म्हणजे त्या जागेला विंडोजनं दिलेलं लेटर, म्हणजे सी, डी हे अक्षर. जमिनीचा गट नंबर आणि दारावरची पाटी यांच्यात जेवढा फरक, तेवढाच इथं आहे.

पार्टिशन कुठून सुरू होतं आणि किती मोठं आहे, याची नोंद डिस्कवरच्याच पार्टिशन टेबलात असते. डिस्क काढून शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरला लावली तरी ती नोंद सोबत जाते. लेटरचं तसं नाही. ते त्या त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सीवरच ठेवलेल्या सेटिंग्जच्या वहीत, ‘माउंटेड डिव्हायसेस’ या कीखाली (नोंदीखाली) लिहिलेलं असतं. पार्टिशन टेबल ठेवण्याच्या जुन्या, एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी तिथं डिस्कची ४ बाइटची सिग्नेचर (ओळखखूण) आणि पार्टिशन जिथून सुरू होतं ती जागा ८ बाइटमध्ये, असा बारा बाइटचा पत्ता असतो. नव्या, जीपीटी पद्धतीची डिस्क असेल तर पार्टिशनचा जीयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. या पत्त्यासमोर ‘डी’ लिहिलंय म्हणून ती जागा डी. तुम्ही सी फॉरमॅट करता तेव्हा ही वहीच पुसली जाते. डीमधला डेटा जागच्या जागी असतो, फक्त त्याला डी म्हणणारं कोणी उरत नाही.

म्हणून सेटअपच्या त्या पडद्यावर लेटर शोधण्यात अर्थ नाही. तिथं आकार बघायचा. आणि लेबल. लेबल, म्हणजे आपण पार्टिशनला दिलेलं नाव, ही तिसरी गोष्ट आहे, पण ती लिहिली जाते त्या पार्टिशनच्या फाइल सिस्टिममध्येच, म्हणजे त्या पार्टिशनवरच. त्यामुळे ‘सिस्टिम रिझर्व्ड’ हे नाव सेटअपला दिसलं. भाच्यानं डीला कधी नाव दिलंच नव्हतं, म्हणून आम्ही ३१५ जीबीवरून ओळख पटवली, फक्त पार्टिशन २ फॉरमॅट केलं आणि १ आणि ३ला हात लावला नाही.

खरा धोका याच्या पुढच्या पायरीवर असतो. सेटअप किंवा रिकव्हरी चालते ती विंडोज पीई नावाच्या छोट्या विंडोजवर. ते रॅममध्ये चढतं, स्वतःला एक्स हे लेटर घेतं आणि बाकीच्यांना स्वतःच्या हिशेबानं लेटर वाटतं. जुन्या विंडोजची वही त्याला बंधनकारक नसते. एमबीआरच्या मशीनवर बऱ्याचदा त्या १०० एमबीच्या पार्टिशनला सी मिळतं, तुमचं विंडोज डी होतं आणि फोटो ई. नेटवर वाचलेली ‘फॉरमॅट सी’सारखी कमांड इथं डोळे झाकून मारली तर बूटच्या फाइल्स गेल्या. रिकव्हरीच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) मी आधी डिस्कपार्ट हे डिस्क हाताळायचं टूल उघडतो, ‘लिस्ट व्हॉल्यूम’ देतो, आकार जुळवतो, मग बाहेर येऊन त्या लेटरवर ‘डीआयआर’ ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड मारून ‘विंडोज’ आणि ‘युजर्स’ हे फोल्डर दिसतात का बघतो. दोन मिनिटांचं काम. (डिस्कपार्टमधला व्हॉल्यूम नंबर आणि पार्टिशन नंबर हेही एक नव्हेत. त्यात गल्लत करू नका.)

विंडोज चढलं आणि अर्ध्या तासानं पुन्हा फोन: “फोटो आहेत, पण ई म्हणतंय!” पेनड्राइव्ह लावलेलाच राहिला होता, डी त्यानं बळकावलं. पेनड्राइव्ह काढायचा, स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून ईचं डी करायचं. डीव्हीडी ड्राइव्हनं जागा अडवली असेल तर आधी त्याला झेड द्यायचं. हे केलं की जुने शॉर्टकट आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे पाथ पुन्हा लागतात.

हा उपाय ज्या पार्टिशनवर विंडोज चालू आहे त्याला मात्र लागू नाही. डिस्क मॅनेजमेंट तिथं नकार देतं, आणि ते योग्यच करतं, कारण रजिस्ट्रीत शेकडो ठिकाणी तो पाथ लिहिलेला असतो. एक्सपीच्या काळात कार्ड रीडर लावलेला असला की विंडोज एफवर जाऊन बसल्याचे प्रकार व्हायचे आणि पुन्हा टाकण्याशिवाय इलाज नसायचा. व्हिस्टापासून पेनड्राइव्हवरून किंवा डीव्हीडीवरून बूट करून टाकलं तर विंडोज स्वतःला सीच घेतं. चालू विंडोजच्या आतून सेटअप चालवून दुसऱ्या पार्टिशनवर टाकलं, तर मात्र जुन्या विंडोजनं दिलेलं लेटरच चिकटतं. ‘माझं विंडोज डीवर कसं?’ याचं उत्तर बहुधा इथंच सापडतं.

भाच्यानं पार्टिशन ३ला आता ‘फोटो-हिशेब’ असं लेबल दिलंय.