अंगावर पिणारी पिल्लं

"ताई, डिस्कसच्या अंगावर उवा झाल्यात." नाशिकहून मावसभावाचा फोन आला तो असा. त्याच्याकडे चार फुटी टाकी आहे. त्यात पाणवनस्पती छान माजलेल्या, चार डिस्कस आणि तीन एंजल, दोन्ही ॲमेझॉनकडचे शोभेचे मासे. त्यातल्या एका डिस्कसच्या दोन्ही कुशींवर जिऱ्याएवढे राखाडी ठिपके सतत वळवळत होते. ज्या दुकानातून मासे आणले होते तिथं त्यानं व्हिडिओ दाखवला, तर "परजीवी आहेत, निळं औषध आणि खडेमीठ टाका" असा सल्ला मिळाला. औषध टाकण्याआधी त्यानं जाळीनं सगळे ठिपके काढले, दुकानात दाखवायला म्हणून एका बरणीत ठेवले आणि मग मला फोन केला.

मी तो व्हिडिओ मोठा करून पाहिला. प्रत्येक ठिपक्याला दोन डोळे होते.

ती पिल्लं होती. फोन ठेवायच्या आधी मी त्याला सगळी बरणी टाकीत परत ओतायला लावली, पण आईबापांची जोडी तोवर बिथरली होती आणि एंजल टपूनच बसले होते. दोन दिवसांत एकही पिल्लू उरलं नाही. मला त्या बरणीचंच राहून राहून वाईट वाटतं. बरणीत पाणी स्वच्छ होतं, मासे पाळणारी माणसं पिल्लांना देतात तो बारीक भुगाही त्यानं टाकला होता. पण डिस्कसच्या पिल्लाला पहिले काही दिवस भुगा कळतच नाही. त्याचं अन्न म्हणजे आईबापाची कातडी.

आपण मराठीत तान्ह्या बाळाबद्दल "अजून अंगावर पितं" म्हणतो. डिस्कसच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे.

माशांच्या अंगाला हात लावल्यावर जो बुळबुळीतपणा लागतो, तो म्हणजे श्लेष्म. कोळणीकडून मासे घेणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो, आणि बहुतेकांना तो घाण वाटतो. माशाच्या दृष्टीनं मात्र तो सगळ्यात मोलाचा अवयव म्हणावा इतका महत्त्वाचा. माशाच्या त्वचेचा वरचा थर जिवंत पेशींचा असतो, आपल्यासारखा वर मेलेल्या पेशींचा कोरडा पापुद्रा नसतो. त्या थरात पेल्याच्या आकाराच्या चषक पेशी असतात. त्या म्युसिन नावाची साखर चिकटलेली प्रथिनं बाहेर सोडतात. ही प्रथिनं पाणी शोषून फुगतात आणि अंगभर एक पातळ लेप तयार होतो. त्या लेपात प्रतिपिंडं असतात, जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं, अमिनो आम्लं असतात, क्षार असतात. म्हणजे संरक्षणासाठी बनवलेल्या या लेपात पोषणाचा सगळा माल आधीच भरलेला आहे. निसर्गानं डिस्कसमध्ये फक्त नळ जास्त सोडला.

तो नळ कुठून सुटतो, हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. जरा लांबून यावं लागेल.

शाळेत आपण परासरण शिकलो. मनुका पाण्यात टाकली की फुगते. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे जन्मभर पाण्यात पडलेली मनुका. त्याच्या रक्तात क्षार जास्त, बाहेर कमी. त्यामुळे पाणी आत घुसत राहतं आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. हे रोखायला कातडी आणि कल्ले यांना गळती कमी करावी लागते. १९५९ साली ग्रेस पिकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. किलिफिश जातीच्या ज्या माशांची पीयूषिका ग्रंथी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली संप्रेरकं स्रवणारी ग्रंथी, काढून टाकली होती, ते गोड्या पाण्यात जगत नव्हते. शरीरातले क्षार टिकेनासे होऊन ते मरत. त्यांना एक संप्रेरक टोचलं की ते जगत. ते संप्रेरक होतं प्रोलॅक्टिन.

प्रोलॅक्टिन म्हणजे आयांना दूध आणणारं संप्रेरक, हे बहुतेकांना माहीत असतं. माशांत त्याचं जुनं काम क्षार धरून ठेवण्याचं, आणि त्यासाठी त्वचेची आणि तिच्यावरच्या लेपाची निगा राखण्याचं. आता गंमत पाहा. हेच प्रोलॅक्टिन प्रयोगशाळेत ओळखलं गेलं ते १९३३च्या सुमारास, तेही कबुतरांमुळे. कबुतराच्या अन्नपिशवीच्या आतल्या थरातल्या पेशी पिल्लं निघण्याच्या सुमारास फुगतात, गळून पडतात आणि त्याचा दह्यासारखा घट्ट गोळा होतो. नर आणि मादी दोघंही तो पिल्लांना भरवतात. आपल्या खिडकीच्या छज्ज्यावर घुमणारी कबुतरं हे रोज करतात. त्या पेशींना फुगवणारा पदार्थ म्हणजे प्रोलॅक्टिन. सस्तन प्राण्यांत स्तन, कबुतरांत अन्नपिशवी, डिस्कसमध्ये कातडी. अवयव तीन, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आतल्या थराच्या पेशींना "आता वाढा आणि स्रवा" हा हुकूम देणारा रेणू एकाच घराण्यातला. डिस्कसला प्रोलॅक्टिन टोचलं तर त्याच्या त्वचेतल्या श्लेष्म पेशी वाढतात, हे १९६०च्या दशकातच दिसलं होतं. स्तन असायला हवा म्हणून तो तयार होऊन मग दूध आलं, असं झालेलं नाही. ओलसर आवरण सांभाळणारं एक जुनं संप्रेरक होतं, त्याला उत्क्रांतीत वेगवेगळ्या जागी नवी नोकरी मिळाली.

डिस्कसची मूळ नदी पाहिली की मला हा दुवा आणखी पटतो. पहिल्या डिस्कसला शास्त्रीय नाव मिळालं १८४० साली. तो रिओ निग्रोतून, म्हणजे ॲमेझॉनच्या काळ्या पाण्याच्या उपनदीतून आलेला होता. कुजलेल्या पानांमुळे तिचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. त्याचा सामू (pH) बहुधा ४ ते ५च्या आसपास, म्हणजे बराच आम्लधर्मी, आणि क्षार इतके कमी की जवळजवळ पावसाचं पाणीच. अशा पाण्यात क्षार धरून ठेवण्याची यंत्रणा कमालीची चोख हवीच.

दूध म्हणावं इतकं हे खरंच बदलतं का, हे इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या सहकाऱ्याबरोबर मोजलं. ते काम २०१०मध्ये छापून आलं. अंडी घातली गेल्यावर आईबापांच्या श्लेष्मातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात, पिल्लं अंगावर पीत असतात तोवर चढी राहतात आणि पिल्लं सुटी होऊ लागल्यावर पुन्हा उतरतात. वागणंही त्याच चालीचं. पहिले दोन आठवडे आईबाप पिल्लांना सोडत नाहीत. एकानं काही मिनिटं पाजलं की तो अंगाला झटका देतो, आणि सगळा थवा दुसऱ्याच्या कुशीला जाऊन लागतो. तिसऱ्या आठवड्यात दोघंही पिल्लांपासून थोडा थोडा वेळ दूर पोहायला लागतात. पिल्लं मागे धावतात, आईबाप आणखी लांब जातात. ज्यांनी घरात मुलाचं अंगावरचं पिणं तोडलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता पिल्लाला कसं कळतं की कुठं जायचं? अंडं फुटतं साधारण अडीच दिवसांत. पुढचे दोन-तीन दिवस डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी ते पानाला किंवा लाकडाला लटकून राहतं आणि पोटातल्या बलकावर जगतं. मग सुटून पोहायला लागतं. तेव्हा ते सगळ्यात गडद दिसणाऱ्या वस्तूकडे ओढलं जातं. त्याच दिवसांत आईबापांच्या अंगातल्या काळ्या रंगपेशी पसरतात आणि ते नेहमीपेक्षा काळपट दिसतात. पिल्लांसाठी ती पाटीच.

वनस्पती भरलेल्या टाकीत गडबड इथंच होते. गडद पानं, काळं लाकूड, मागं चिकटवलेला काळा कागद. पिल्लं या सगळ्यांकडे जातात आणि तिथं चिकटून उपाशी मरतात. थायलंडमध्ये तयार झालेल्या 'पिजन ब्लड' जातीच्या भडक डिस्कसना अंग काळं करताच येत नाही, म्हणून त्यांच्या पिल्लांचे आणखी हाल. हा माणसाच्या आवडीचा परिणाम आहे आणि मला तो बरा वाटत नाही.

एंजलही याच सिक्लिड कुळातला, त्याच ॲमेझॉन खोऱ्यातला, तोही पानावर अंडी घालणारा, राखण करणारा. पण तो पिल्लांना अंगावर पाजत नाही. त्याची पिल्लं सुटी झाल्याबरोबर पाण्यातले सूक्ष्मजीव टिपायला लागतात. हेच कुळ आपल्याकडेही आहे. गोव्यात काळुंदर आणि केरळात करीमीन म्हणून ताटात येणारा मासा सिक्लिडच. त्याचा केरळ-श्रीलंकेच्या पाण्यातला एक छोटा पिवळा भाऊबंद पिल्लांना अंगाचा श्लेष्म टोचू देतो, पण ते तोंडी लावण्यापुरतं. पूर्ण पोट त्यावर अवलंबून नाही.

एंजल आणि डिस्कस एकत्र ठेवावेत का, हा प्रश्न मला नेहमी येतो. ठेवता येतात, पण पैदास हवी असेल तर नको. एंजल चपळ, दाणा टाकला की पहिला घास त्याचा. डिस्कस बुजरा, तो मागे राहतो. पिल्लं दिसली तर एंजल ती टिपतो. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात, आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मुरतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री त्याच घेतात. तेव्हा "झाडं आहेत, मग पंप कशाला" हे चूक. त्या उष्णतेत एनुबियास, जावा फर्न, ॲमेझॉन सोर्ड तग धरतात, बाकीच्या नाजूक जाती बहुधा वितळतात.

दुसरा मुद्दा अमोनियाचा, आणि इथं मला जरा चिडून लिहावं लागेल. "टाकी ईशान्येला ठेवा, मासा मेला तर घरावरचं संकट त्यानं घेतलं" असं शिकली-सवरलेली माणसंही सांगतात. संकट त्यानं घेतलेलं नसतं, आपण दिलेलं असतं. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया येतो. सामू ७ असेल तर २९ अंशांना त्यातला शंभरात एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच सुमारे सात. बोअरच्या जड पाण्याचा सामू अनेकदा तिकडेच असतो. धुवून लख्ख केलेल्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू उरत नाहीत, मग दोन-तीन दिवसांत मासा जातो आणि त्याला पुण्य चिकटवलं जातं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तर थेट कल्ल्यांवर आणि त्या श्लेष्मावर घाला घालतं. ज्या लेपावर पिल्लं जगणार, तोच आपण जाळतो.

भावानं पुढच्या वेळी जोडी वेगळ्या दोन फुटी टाकीत हलवली. तळाला वाळू नाही, झाड नाही, मागं पांढरा कागद आणि मधोमध उलटं ठेवलेलं मातीचं मडकं. पाणी अँटिक्लोरीन घालून, गरम करून, रोज थोडं बदलायचं. सहाव्या दिवशी त्याचा फोटो आला. मादीच्या कुशीवर तेच राखाडी जिरं.

पिल्लं पोहायला लागून अठरा दिवस झाले, तेव्हा मी नाशिकला गेले. त्यानं नुकतीच आर्टिमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची, बारीक पिल्लं खाद्य म्हणून ड्रॉपरनं पाण्यात सोडली होती. नर आणि मादी, दोघंही वरच्या कोपऱ्यात जाऊन थांबले होते. थव्यातली पाच-सहा पिल्लं त्यांच्यामागे अर्ध्यापर्यंत गेली, घुटमळली आणि वळून त्या नारिंगी ढगात शिरली. जराशानं काचेतून त्यांची पोटं दिसत होती, गच्च भरलेली, नारिंगी.