गंगेला न मिळालेले बालपण

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. भाजी आणायला गंगेवर जायचे, दहावा-तेरावा गंगेवर करायचा, आणि घरात काही अप्रिय घडून गेले की ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असे म्हणून विषय मिटवायचा, ही इथली रीत आहे. वाटणीचा वाद किंवा मोडलेली सोयरीक यांच्या बाबतीत या वाक्याने पुष्कळ घरे सावरली असतील. परंतु लहानपणी घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाने केलेला लैंगिक अत्याचार, रोजची बेदम मारहाण किंवा वर्षानुवर्षांची अवहेलना सोसून मोठी झालेली व्यक्ती पस्तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी प्रथमच तोंड उघडते, तेव्हा तिलाही हेच वाक्य ऐकवले जाते, आणि त्याचा अर्थ ‘आता गप्प बस’ एवढाच उरतो. या प्रौढ माणसाकडे कायद्याचे आणि वैद्यकाचे लक्ष फार उशिरा वळले. ते कसे वळले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

बालपणी आपल्यावर लादल्या गेलेल्या गोष्टीला प्रौढपणी जाहीर नकार देण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक जुने उदाहरण रखमाबाईंचे आहे. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्याला बंधनकारक नाही, कारण त्या वयात संमती देण्याची समजच नव्हती, अशी त्यांची भूमिका होती. रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, पण मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले आणि रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. आजचा ‘अत्याचार’ हा शब्द त्या काळातल्या बालविवाहाला सरसकट लावणे योग्य होणार नाही, पण मोठेपणी मागे वळून पाहत ‘तेव्हा मला विचारले नव्हते’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी बजावला, हे महत्त्वाचे आहे.

कलकत्त्याच्या फुलमणी दासी या बालवधूच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचे शरीरसंबंधासाठीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले. पुण्यात टिळकांचा विरोध आणि भांडारकरांचा शास्त्राधारे पाठिंबा यावर रकानेच्या रकाने भरले. शास्त्र काय सांगते, परक्या सरकारला घरात डोकावण्याचा अधिकार आहे का, वय दहा असावे की बारा, या सर्वांवर वाद झाला. मात्र जी मुलगी या सगळ्यातून जिवंत राहते आणि तीस वर्षांची होते, तिच्या मनाचे काय होते, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

शब्दांची अडचणही तेव्हापासूनची आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ साठी मराठीत ‘विनयभंग’ हा शब्द रूढ झाला. त्यात भंग होतो तो विनयाचा. मुलाच्या शरीराचा, विश्वासाचा किंवा झोपेचा त्यात उल्लेख नाही. वर्तमानपत्रांनी बराच काळ वापरलेला ‘अतिप्रसंग’ तर त्याहून विचित्र आहे, कारण त्यातून प्रसंग जरा जास्त झाला, एवढाच बोध होतो. शाळेतली छडी आणि घरातला पट्टा यांच्यासाठी ‘वळण लावणे’ असा चक्क कौतुकाचा वाक्प्रचार आहे. मुलगा बळी ठरला तर त्याच्यासाठी शब्दच नव्हता, आणि १४ नोव्हेंबर २०१२ रोजी बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा ‘पोक्सो’ कायदा लागू होण्यापूर्वी कायद्यातही अनैसर्गिक संभोगाविषयीचे कलम ३७७ सोडल्यास त्याच्यासाठी जवळजवळ काही नव्हते. आजही ‘पीडित’ म्हटले की माणूस कायमचा त्या घटनेत अडकतो, म्हणून समुपदेशक मंडळी ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. त्याला मराठीत अंगवळणी पडलेला प्रतिशब्द अजून मिळालेला नाही.

वैद्यकाची कथा यापेक्षा वळणावळणाची आहे. सिग्मंड फ्रॉइडने २१ एप्रिल १८९६ रोजी व्हिएन्नात अठरा रुग्णांच्या आधारे असे मांडले की हिस्टेरियाच्या मुळाशी बालपणी प्रत्यक्ष घडलेले लैंगिक अत्याचार असतात. सप्टेंबर १८९७ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने या सिद्धान्तावरचा आपला विश्वास उडाल्याचे कळवले. त्यानंतर रुग्ण सांगतो ती आठवण नसून त्याची कल्पना असावी, असे गृहीत धरण्याची सवय मानसोपचाराला लागली आणि ती कित्येक दशके टिकली. मनालाही जखम होते, ही गोष्ट प्रतिष्ठितांच्या गळी उतरली ती सैनिकांमुळे. या इतिहासात नाशिकचेही एक नाव आहे, आणि ते फारसे अभिमानाचे नाही. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने अडकलेल्या गोऱ्या शिपायांच्या हालांवरून इंग्रजीत वेड लागण्याला ‘डूलाली’ म्हणू लागले; मूळ शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’ असा होता आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ आला, आणि व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या रेट्यामुळे १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात ‘पीटीएसडी’ म्हणजे आघातोत्तर ताणविकार या निदानाला स्थान मिळाले.

सैनिकावर बेतलेला हा अंगरखा लहान मुलाच्या अंगाला नीट बसेना. सैनिकाचा शत्रू समोरच्या खंदकात असतो. मुलाला ज्याची भीती वाटते तोच त्याला जेवू घालतो, शाळेत सोडतो, आजारपणात उशाशी बसतो. ही गोष्ट अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये स्पष्टपणे मांडली आणि दीर्घकाळ चाललेल्या, सुटका नसलेल्या आघातासाठी वेगळे, ‘जटिल’ निदान सुचवले. ते अधिकृत होण्यास तीन दशके लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्यात आघाताच्या नेहमीच्या लक्षणांसोबत भावनांवर ताबा न राहणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि नात्यांमध्ये टिकता न येणे या तीन गोष्टी जोडलेल्या आहेत. दरम्यान सॅन डिएगोत व्हिन्सेंट फेलिटी या डॉक्टरांना एक गोष्ट खटकली होती. लठ्ठपणाच्या दवाखान्यातले वजन उतरलेले रुग्णच उपचार सोडून जात होते, आणि विचारपूस केल्यावर त्यांच्यापैकी अनेकांच्या बालपणात अत्याचार आढळले. यातून रॉबर्ट अँडा यांच्यासोबत झालेला आणि १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेला, सतरा हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास उभा राहिला. बालपणातील प्रतिकूल अनुभव जितके अधिक, तितका पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचाही धोका अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. तो लोकसंख्येविषयीचा आहे. एखाद्या माणसाचे भविष्य त्यातून काढता येत नाही, हे मात्र वारंवार विसरले जाते.

याच काळात, १९९० च्या दशकात, अमेरिकेत ‘खोट्या आठवणीं’चा वाद पेटला. संमोहनाने किंवा सूचक प्रश्नांनी आठवणी ‘बाहेर काढणारे’ काही उपचारक टीकेचे धनी झाले आणि ती टीका बऱ्याच अंशी रास्त होती. आठवण बदलू शकते, म्हणून उपचारकाने ती सुचवू नये, हा धडा त्यातून घेतला गेला. पण बहुतेक प्रौढांना घडलेले कधी विसरताच आलेले नसते.

भारतात हा विषय सार्वजनिक झाला तो १९९६ च्या सुमारास. त्या वर्षी मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून १०९८ ही बालकांची हेल्पलाइन सुरू झाली, आणि दिल्लीत ‘राही’ ही संस्था कुटुंबातील लैंगिक अत्याचारातून आलेल्या प्रौढ स्त्रियांसाठीच स्थापन झाली. २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा अहवाल आला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि सांगणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्त निघाले. शारीरिक मारहाणीचे प्रमाण तर तीन मुलांमागे दोन असे होते. या अहवालासाठी १८ ते २४ वयोगटातील २,३२४ तरुणांशीही बोलणे झाले होते, ही बाब चर्चेत कायम मागे पडली. पाच वर्षांनी, मे २०१२ मध्ये, एका रविवारी ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रौढ व्यक्तींनी आपले बालपण नावानिशी सांगितले, आणि नऊ दिवसांनी लोकसभेने ‘पोक्सो’ कायदा संमत केला. विधेयक आधीच राज्यसभेत मंजूर झाले होते, त्यामुळे कार्यक्रमामुळे कायदा आला असे म्हणणे चूक ठरेल. पण नाशिकसारख्या शहरात दिवाणखान्यात, आईवडिलांच्या देखत, हा विषय निघाला तो त्या दिवशी.

पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि त्यापूर्वीच्या घटनांना तो लागू होत नाही. त्याआधी ज्यांचे बालपण संपले, त्यांच्यासाठी जुनी दंड संहिताच उरते. त्यात बलात्काराच्या तक्रारीला मुदत नव्हती, पण त्याची व्याख्या अरुंद होती. आणि विनयभंगाला तेव्हा दोन वर्षांपर्यंतच शिक्षा असल्यामुळे तीन वर्षांची मुदत होती, म्हणजे आठव्या वर्षी स्पर्श झालेल्या मुलीने अकराव्या वर्षापर्यंत दाद मागावी, अशी अपेक्षा होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने पोक्सोखालील तक्रारीला वयाची किंवा काळाची मर्यादा नाही, असे स्पष्ट केले.

नाशिकमधल्या उपचारांचा इतिहास छोटा आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे होती. नाशिकचा रुग्ण कसारा घाट उतरून ठाण्याला जाई, आणि ‘ठाण्याला नेलं’ एवढेच शब्द एखाद्याचे लग्न मोडायला पुरेसे असत. रात्री दचकून उठणाऱ्या, स्वयंपाकघरात मोठा आवाज झाला की थरथरणाऱ्या स्त्रीला त्या वाटेने कोण नेणार? ती अंगारे-धुपाऱ्यांकडे किंवा अॅसिडिटी आणि पाठदुखी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जाई. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला, १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा मिळू लागली, आणि आता गंगापूर रोडवर समुपदेशन केंद्राची पाटी दिसली तर कोणी थबकत नाही. सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांतून सहाव्या-सातव्या वर्षी निवासी शाळेत गेलेल्या आणि आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसापर्यंत मात्र यातले किती पोहोचते, याविषयी मला शंका आहे.

उपचारांची आजची पद्धत हर्मन यांनी सांगितलेल्या तीन टप्प्यांवर बऱ्याच अंशी आधारलेली आहे: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्याच भेटीत सगळे ओकून टाकायला लावले तर माणूस महिनाभर झोपत नाही. आपल्याकडे पहिला टप्पाच सर्वांत अवघड जातो. ज्याने हे केले तो काका किंवा आतेभाऊ दिवाळीला घरी येतो, लग्नात पंगतीला शेजारी बसतो, आणि ‘वाक, पाया पड’ अशी आज्ञा आई सर्वांसमोर करते. पाया न पडणे ही त्या व्यक्तीच्या बाबतीत उपचाराची पहिली पायरी असू शकते, आणि ती चढायला काही जणांना दोन-तीन दिवाळ्या लागतात. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती ‘चूक माझीच होती’ या हट्टी समजुतीशी झगडताना उपयोगी पडते, पण शरीराने धरून ठेवलेल्या भीतीला नुसता युक्तिवाद पुरत नाही.

‘आघातोत्तर वाढ’ ही कल्पना टेडेस्की आणि कॅलहून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये मोजमापासह मांडली. नाती गहिरी होणे, नव्या वाटा दिसणे, स्वतःच्या बळाची जाणीव होणे, जगण्याचे मोल कळणे आणि आध्यात्मिक बदल, अशी तिची पाच क्षेत्रे आहेत. ही वाढ घटनेमुळे होत नाही, घटनेशी नंतर केलेल्या झुंजीतून होते, आणि ती प्रत्येकाची होतेच असेही नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. मराठीत मात्र तिचे रूपांतर चटकन ‘तावून सुलाखून निघालीस’ या शाबासकीत होते. सोन्याला कोणी विचारत नाही की तुला तापायचे होते का.

सध्या समुपदेशकांपुढचा पेच वेगळाच आहे. २०१२ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आता विशीत आहेत, आणि पोक्सोच्या काळात अत्याचार सोसलेली ही पहिली प्रौढ पिढी आहे. कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची आहे, आणि न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ज्याच्यावर अत्याचार झाला ती व्यक्ती आज सज्ञान आहे की नाही, असा भेद कलमाच्या शब्दांत नाही. मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते, तर पोक्सोचे कलम ४२अ विसंगती असल्यास पोक्सोच वरचढ असल्याचे सांगते. त्यामुळे चोवीस वर्षांची मुलगी समोर येऊन बसली की जाणकार समुपदेशक तिचे ऐकण्याआधीच, कोणती गोष्ट आपल्याला स्वतःपुरती ठेवता येईल आणि कोणती येणार नाही, हे समजावून सांगते. काही जणी ते ऐकून उठून जातात, आणि काही वर्षभराने परत येतात.