जपानी मॅपल

जपानी मॅपल (ॲसर पामॅटम) : शोभेसाठी लावला जाणारा, मूळचा जपान व कोरियातील लहान पानझडी वृक्ष. याचे कुल सॅपिंडेसी, म्हणजे रिठा आणि लिचीचेच. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पेटर थुनबर्ग यांनी १७८४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पाने हस्ताकृती, ५ ते ९ खंडांची. शरद ऋतूत ती पिवळी, नारिंगी, लालभडक होतात. क्योतोतील तोफुकु-जी मंदिराच्या घळीत हा रंग पाहायला नोव्हेंबरअखेर मोठी गर्दी लोटते. बागायती वाण शेकडो आहेत : ‘ब्लडगुड’ची पाने जांभळट लाल, तर ‘सांगो-काकू’च्या कोवळ्या फांद्या हिवाळ्यात पोवळ्यासारख्या लाल दिसतात.

या झाडाचे बरेवाईट मुख्यतः जागेवर ठरते. पान पातळ आणि मुळे बारीक, वरच्या थरातच पसरणारी. त्यामुळे दुपारचे ऊन व कोरडा वारा लागला, की पानांच्या कडा करपतात. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली उत्तम. मात्र लाल पानांचे वाण दाट सावलीत हिरवट पडतात. माती किंचित आम्लधर्मी, चांगल्या निचऱ्याची हवी. रोप खोल गाडू नये. बुंध्याचा पसरट तळ जमिनीलगत उघडा राहिला पाहिजे. पालापाचोळ्याचे आच्छादन मुळांवर घालावे, पण बुंध्याला टेकू देऊ नये. पाणी नियमित, खत बेताचे.

छाटणी पाने गळाल्यावर, पण हिवाळा सरण्याआधी करतात. नंतर कापल्यास जखमांतून रस वाहतो. आकार मुळातच सुंदर असल्याने कात्री जितकी कमी चालेल तितके बरे. मातीतील व्हर्टिसिलियम बुरशीमुळे एखादी फांदी अचानक सुकते. यावर औषध नाही. फांदी कापून हत्यार निर्जंतुक करावे.

बी थंड ओलाव्यात तीन-चार महिने ठेवल्यावर रुजते, पण रोपे मातृवृक्षासारखी निघत नाहीत. म्हणून वाणांची कलमे करतात आणि खुंटावरचे फुटवे वेळीच काढतात. बियांच्या पाकिटांवरील निळ्या पानांच्या चित्रांना भुलू नये. तसा वाण नाही.

सुप्तावस्थेसाठी या झाडाला खरा हिवाळा लागतो. मुंबई-पुण्याच्या हवेत तो मिळत नाही, म्हणून तिथे हे झाड हौसेने आणले तरी सहसा खंगत जाते. न्यू जर्सी किंवा इंग्लंडमधील मराठी घरांच्या अंगणात मात्र ते सहज वाढू शकते.