तांबीचे पैसे: भरपाई, भाडे की बक्षीस?

सरकारी दवाखान्यात तांबी (गर्भाशयात बसवायचे गर्भनिरोधक साधन) फुकट बसते, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्याबरोबर मिळणाऱ्या पैशांचा. ते कशाचे, हे साठ वर्षांत धड ठरलेले नाही.

1965 मध्ये लूप आला, म्हणजे तांबीच्या आधीचे प्लास्टिकचे साधन. पुढच्याच वर्षी केंद्राने राज्यांना लूपमागे 11, पुरुष नसबंदीमागे 30 आणि स्त्रीच्या शस्त्रक्रियेमागे 40 रुपये द्यायला सुरुवात केली. रक्तस्राव आणि अफवा यांनी लूप बदनाम झाला, भर नसबंदीवर गेला. पुढे काय झाले ते सांगायला नको. एवढेच नोंदवतो की 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक आपल्याच विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही.

आणीबाणीनंतर पैसे थांबले नाहीत, नाव बदलले. 1981 पासून नसबंदीची रक्कम कागदोपत्री बुडीत मजुरीची भरपाई ठरली. ऐकायला रास्त आहे: मजुरीवर जाणारी बाई दोन-चार दिवस घरी बसली तर चूल कशी पेटणार? पण 2007 चे दर पाहा. पुरुषाला 1100 रुपये, स्त्रीला 600, आणि तेही महाराष्ट्रासारख्या राज्यांत फक्त दारिद्र्यरेषेखालील व अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, तो लवकर कामाला लागतो. पोट उघडावे लागते ते बाईचे. मजुरीच मोजायची तर आकडे उलटे हवेत. पुरुष पुढे येत नाहीत म्हणून त्यांचा दर चढा ठेवला, असे सरळ म्हटले असते तर निदान हिशेब कळला असता. 2014 मध्ये जास्त जननदराच्या राज्यांसाठी रकमा वाढल्या, तफावत तशीच राहिली.

तांबीच्या बाबतीत तर ‘भरपाई’ हा शब्द चालतच नाही. संस्थेतली बाळंतपणे 2005 नंतर झपाट्याने वाढली, तेव्हा प्रसूतीनंतर 48 तासांच्या आत तांबी बसवण्यावर जोर आला. बाई आधीच खाटेवर आहे, तिची मजुरी तांबीमुळे बुडत नाही. म्हणून 300 रुपये किरकोळ खर्चाचे, तपासणीला परत येण्याच्या भाड्याचे ठरले. बसवणाऱ्याला 150, आशाताईंना 150. खेड्यातून तालुक्याला दोनदा यायचे तर भाडे लागतेच, त्यामुळे बाईच्या 300 रुपयांवर माझा आक्षेप नाही. आक्षेप बसवणाऱ्याच्या 150 वर आहे. कळा सोसून दमलेल्या बाईची संमती ज्याने घ्यायची, त्यालाच ती ‘हो’ म्हणाली तर पैसे. आणि त्रास होतो म्हणून ती तांबी काढायला आली, तर त्या कामाला दर नाही. 1996 मध्ये कुटुंबनियोजनाची आकड्यांची उद्दिष्टे रद्द झाली, पण पैसे अजून बसवण्याच्या आकड्यालाच बांधलेले आहेत.

ही सगळी कथा सरकारी दवाखान्यापुरती. खासगीत गर्भाशयात संप्रेरक सोडणारे साधन बसवायला काही हजार रुपये लागतात. विम्याकडे पाहावे, तर 2019 मध्ये आरोग्यविम्यातून वगळायच्या बाबींची प्रमाण भाषा ठरली आणि तिच्या सतराव्या कलमात ‘कोणत्याही प्रकारचे गर्भनिरोधन’ वंध्यत्वाच्या उपचारांशेजारी जाऊन बसले. बाळंतपणाचा खर्च देणाऱ्या पॉलिसी मिळतात. ते पुढे ढकलण्याचा खर्च मात्र बाईने स्वतः करायचा.